लेसर-संमीलन आणि परतून येणारा प्रकाश

अणुशक्तीच्या शांततामय उपयोगाचा विचार करण्यासाठी ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हा येथे जी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे अध्यक्ष डॉ. होमी भाभा होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी एक भाकीत केले. हायड्रोजनच्या अणुकेंद्रांच्या संमीलनातून निघणारी ऊर्जा नियंत्रित रीतीने मुक्त करण्याचा मार्ग येत्या दोन दशकांत सापडेल, असे ते म्हणाले. ही दोन दशके १९७५ साली संपली. त्यानंतर आणखी सत्तेचाळीस वर्षांनी, ५ डिसेंबर २०२२ रोजी, कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत लेसरच्या १९२ शलाका एका इवल्याशा लक्ष्यावर रोखण्यात आल्या. लक्ष्यावर पडलेल्या प्रकाशाची ऊर्जा २.०५ मेगाजूल होती आणि संमीलनातून बाहेर आलेली ऊर्जा ३.१५ मेगाजूल. दिल्यापेक्षा अधिक परत मिळाल्याची, प्रयोगशाळेतील संमीलनाच्या इतिहासातील ही पहिली नोंद. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती ठळक मथळ्यांनी छापली, हे स्वाभाविकच होते.

मात्र या मार्गाला इतकी वर्षे का लागली, या प्रश्नाची चर्चा त्या मथळ्यांखाली फारशी झाली नाही. पूर्वीचे लेसर पुरेसे बलवान नव्हते, हे सर्वसाधारणपणे दिले जाणारे उत्तर अर्धेच खरे आहे. लेसर बलवान होत गेले, तसतशी एक विलक्षण अडचणही त्यांच्याबरोबर बलवान होत गेली. लक्ष्यावर सोडलेला प्रकाश लक्ष्यापर्यंत पोहोचेना. वाटेतच विखुरला जाऊन तो आल्या वाटेने परत फिरू लागला. लेसर-संमीलनाचा पन्नास वर्षांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या परतणाऱ्या प्रकाशाशी चाललेल्या झुंजीचा इतिहास आहे.

एका किलोजूलचा हिशेब

पहिला लेसर १९६० साली अमेरिकेत मेमन यांनी सिद्ध केला. त्याच्या साह्याने संमीलनाइतके तापमान गाठता येईल, ही कल्पना बासव प्रभृती रशियन शास्त्रज्ञांनी त्याच दशकात मांडली. परंतु तिला निश्चित आकार आला तो सप्टेंबर १९७२ मध्ये. लिव्हरमोरचे जॉन नकोल्स आणि त्यांचे सहकारी यांनी त्या महिन्यात 'नेचर' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. जड हायड्रोजनची, म्हणजे ड्यूटेरियम व ट्रिटियम यांची, लहानशी गोळी सर्व बाजूंनी लेसरच्या प्रकाशात न्हाऊ घालावयाची. तिचे बाह्य कवच उडून जाताना आतील इंधनावर जो दाब येईल त्याने ते द्रवरूपातील घनतेच्या दहा हजार पट घन होईल, आणि त्या क्षणी केंद्रभागी ठिणगी पडून ते जळू लागेल, अशी ही योजना होती. दिलेली ऊर्जा भरून निघण्यास सुमारे एक किलोजूल प्रकाशही पुरेल, असा त्यांचा अंदाज होता.

एक किलोजूल म्हणजे पाव लिटर पाण्याचे तापमान एका अंशाने वाढविण्यास लागणारी उष्णता. प्रत्यक्षात २०२२ साली लागलेली ऊर्जा याच्या दोन हजार पट निघाली. अर्थात उष्णता म्हणून पाहिले तर तीही अवाढव्य नव्हे. साडेसहा लिटर साध्या पाण्याला तिने उकळी येईल. सेकंदाच्या काही अब्जांश भागांत आणि मोहरीच्या दाण्याएवढ्या जागी ती एकवटावी लागते, ही तिची किंमत आहे.

दोन हजार पटींची ही तफावत एकाच कारणाने पडली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. दबणारी गोळी वेडीवाकडी होते, तिच्या कवचाचे अंश इंधनात मिसळतात, ही कारणेही तितकीच मोठी आहेत. परंतु पहिला वाटा प्रकाशाचा. तो लक्ष्यात सुखरूप शिरेल हे त्या काळच्या हिशेबात जवळजवळ गृहीतच धरलेले होते, आणि गृहीत धरलेल्या गोष्टींनीच पुढे सर्वांत अधिक छळले.

शिट्टी घालणारा कर्णा

तीव्र प्रकाश पडताक्षणी लक्ष्याच्या पृष्ठभागाचे प्लाझ्मात, म्हणजे सुट्या इलेक्ट्रॉनांच्या आणि आयनांच्या तप्त वायूत, रूपांतर होते. यापुढचा सर्व प्रकाश या प्लाझ्मातून वाट काढीत जावयाचा. प्लाझ्माची घनता एका मर्यादेपलीकडे गेली की प्रकाशाला आत शिरता येत नाही. आरशावरून फिरावा तसा तो मागे फिरतो. ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीवर अवलंबून असते. तरंगलांबी एक-तृतीयांश केली तर मर्यादा नऊपट दूर जाते. येथपर्यंत सारे सरळ आहे. खरा घोटाळा या सीमेच्या अलीकडे, जेथे प्रकाशाला मुक्तद्वार आहे असे वाटते त्याच विरळ प्लाझ्मात होतो.

सार्वजनिक सभेत ध्वनिक्षेपक चुकून कर्ण्यासमोर धरला गेला की कानठळ्या बसविणारी शिट्टी वाजू लागते, हा अनुभव सर्वांना आहे. कोणी शीळ घातलेली नसते. ध्वनिक्षेपकात शिरलेली एखादी क्षीण खरखर कर्ण्यातून मोठी होऊन बाहेर पडते, ती पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरते, पुन्हा मोठी होते, आणि क्षणार्धात वक्त्याचा आवाज त्या शिट्टीत बुडून जातो. प्लाझ्मात नेमके हेच घडते. प्लाझ्मा कधीच निश्चल नसतो. इलेक्ट्रॉनांच्या घनतेच्या बारीक लहरी त्यात सदैव उठत असतात. अशा एखाद्या लहरीवर आदळून प्रकाशाचा किंचित अंश मागे फिरतो. येणारा प्रकाश आणि फिरलेला प्रकाश एकमेकांत मिसळून जो ताल निर्माण होतो, तो त्या मूळ लहरीच्या तालाशी जुळला तर तिलाच बळ देतो. बळावलेली लहर आणखी प्रकाश मागे फिरविते, आणि तो प्रकाश लहरीला आणखी बळ देतो. लहर विरण्याचा वेग तिच्या वाढण्याच्या वेगापेक्षा अधिक असेपर्यंत काही बिघडत नाही. प्रकाशाची तीव्रता एक पायरी ओलांडून गेली की शिट्टी वाजू लागते. शास्त्रज्ञ याला अस्थैर्य म्हणतात.

या अस्थैर्याच्या एका प्रकाराला भारतीय शास्त्रज्ञाचे नाव आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कलकत्त्यात जो परिणाम शोधून काढला, त्यात विखुरलेल्या प्रकाशाचा अत्यल्प अंश रंग बदलून बाहेर पडतो. रेणूंच्या कंपनांशी त्याची ऊर्जेची देवघेव झालेली असते. हा अंश इतका क्षीण असतो की तो दिसणे हाच पराक्रम होता. चौतीस वर्षांनी, १९६२ साली, अमेरिकेतील ह्यूज प्रयोगशाळेत माणिक-लेसरवर काम करणाऱ्या वुडबरी आणि एन्ग यांना लेसरचा बराचसा प्रकाश अनपेक्षितपणे भलत्याच तरंगलांबीला सापडू लागला. शोध घेता कारण कळले. उपकरणातील नायट्रोबेंझीन या द्रवात रामन परिणाम घडत होता, आणि प्रकाश तीव्र असल्यामुळे तो आता क्षीण न राहता स्वतःच स्वतःला वाढवीत होता. यालाच उद्दीपित रामन प्रकीर्णन म्हणतात. प्लाझ्मात रेणू नसतात. त्यांची जागा इलेक्ट्रॉनांच्या लहरी घेतात, इतकाच फरक.

दुसरा प्रकार फ्रेंच शास्त्रज्ञ ब्रिलवँ यांच्या नावाने ओळखला जातो. त्यात लहर ध्वनीच्या जातीची, आयनांची आणि संथ असते. ती प्रकाशाची ऊर्जा जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे आलेला प्रकाश बहुतेक सगळा परत जातो. इतकेच नव्हे, तर ज्या भिंगांतून तो आला त्यांनाच तडे पाडू शकतो. रामन प्रकीर्णनाची हानी वेगळ्या प्रकारची आहे. येथे इलेक्ट्रॉनांची लहर ऊर्जेचा मोठा वाटा स्वतःकडे ठेवते. सीमेवरील घनतेच्या चतुर्थांश घनता जेथे असते, तेथे हा वाटा निम्म्यापर्यंत जातो. लहरीवर स्वार झालेले इलेक्ट्रॉन प्रचंड वेगाने सुटतात आणि कवच भेदून इंधनात घुसतात. इंधन दबण्यापूर्वीच तापते, आणि तापलेला वायू दाबणे किती जड जाते हे सायकलच्या चाकात हवा भरणाराही जाणतो. म्हणजे प्रकाश गेला तो गेलाच, शिवाय जाताना घरात आग लावून गेला.

हे शास्त्र रचण्यात भारतीयांचा वाटा केवळ नावापुरता नाही. काश्मीरमध्ये जन्मलेले आणि दिल्लीच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतून डॉक्टरेट मिळविलेले पी. के. काव यांनी प्रिन्स्टन येथे जॉन डॉसन यांच्यासह तीव्र लेसर-प्रकाश आणि प्लाझ्मा यांच्या परस्परक्रियेचे गणित १९६९ च्या सुमारास मांडले. १९७४ साली प्रसिद्ध झालेला, काव यांचा सहभाग असलेला विद्युत्‌चुंबकीय तरंगांच्या अस्थैर्यावरील निबंध आजही या विषयाचा पाया मानला जातो. गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेचे ते संस्थापक-संचालक झाले. मात्र भारताने संमीलनासाठी मार्ग निवडला तो चुंबकीय पात्राचा. 'आदित्य' हे यंत्र त्याच संस्थेत १९८९ पासून चालू झाले. लेसर-प्लाझ्माचे प्रयोग इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होत आले आहेत, परंतु ते संमीलनाच्या भव्य यंत्रांसाठी नव्हेत. आपल्या साधनसंपत्तीच्या देशाने ही निवड शहाणपणाने केली, असेच पुढच्या हकीकतीवरून म्हणावे लागते.

'शिवा'ने दिलेला धडा

लिव्हरमोर येथे १९७७ साली वीस शलाकांचा एक प्रचंड लेसर उभा राहिला. अनेक भुजांच्या देवतेवरून त्याला 'शिव' हे नाव देण्यात आले. वीस हात म्हटले की मराठी वाचकाला शंकराऐवजी रावण आठवेल, ही गोष्ट त्या नामकर्त्यांना बहुधा ठाऊक नसावी. सुमारे दहा किलोजूल ऊर्जेचा हा लेसर अवरक्त प्रकाश देत असे. त्याची तरंगलांबी सुमारे एक मायक्रॉन. नकोल्स यांच्या किमान अंदाजाच्या दहापट ऊर्जा हाती आली होती. परंतु प्रयोग सुरू झाले आणि रामन प्रकीर्णनातून निघालेल्या वेगवान इलेक्ट्रॉनांनी त्यांवर पाणी फिरविले. द्रवाच्या सुमारे शंभरपट घनतेपर्यंत इंधन दाबण्यात यश आले. हिशेब दहा हजारपटींचा होता. १९८१ साली 'शिव' मोडण्यात आला.

या अपयशाची एक बाजू मात्र फलदायी ठरली. अधिक ताकदीचा लेसर बांधणे हा उपाय नसून प्रकाशाचा रंग बदलणे हा उपाय आहे, हे त्यातून पटले. आखूड तरंगलांबीचा प्रकाश अधिक घन प्लाझ्मात शिरतो. तेथे इलेक्ट्रॉनांच्या आयनांशी टकरी अधिक होतात, त्यामुळे प्रकाश सरळमार्गाने शोषला जातो आणि उपद्रवी लहरी लवकर विरतात. फ्रान्समधील एकोल पॉलितेक्निकच्या प्रयोगांनी हे दाखविले. अवरक्त प्रकाश विशिष्ट स्फटिकांतून नेऊन त्याची कंप्रता तिप्पट, म्हणजे तो जंबुपार, करण्याची कार्यक्षम रीत रोचेस्टर विद्यापीठात १९८० च्या सुमारास सिद्ध झाली. पुढचा लेसर 'नोव्हा' १९८४ च्या अखेरीस पुरा झाला तो या स्फटिकांसह. वीस शलाकांची मूळ योजना पैशाअभावी दहांवर आली होती. तरीही त्या दहा शलाकांनी जे साधले, ते अवरक्त प्रकाशाच्या वीसांना साधले नसते.

याच सुमारास, १९८४ मध्ये, जपानच्या ओसाका विद्यापीठातील काटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक साधी युक्ती सुचविली. लेसरची शलाका वरवर एकसारखी दिसली तरी तिच्यात अतितेजस्वी ठिगळे असतात आणि अस्थैर्य प्रथम तेथेच पेटते. शलाकेच्या वाटेत खास घडविलेली काचेची चकती ठेवून ही ठिगळे असंख्य सूक्ष्म ठिपक्यांत मोडून टाकता येतात. रोचेस्टरच्या संशोधकांनी पुढे ते ठिपकेही अतिवेगाने हलते ठेवले. लहरीला वाढण्यापुरता निवांतपणा मिळू द्यावयाचा नाही, हे त्यामागील सूत्र.

कुंपणाने शेत खाल्ले

इतक्या तयारीनंतर सुमारे साडेतीन अब्ज डॉलर खर्चून १९२ शलाकांचे जे केंद्र लिव्हरमोर येथे २००९ साली पुरे झाले, त्याच्या नावातच 'प्रज्वलन' हा शब्द घालण्यात आला. बारशापूर्वीच मुलाला पदवी बहाल करण्याचा हा प्रकार होता. प्रज्वलनासाठी आखलेली मोहीम सप्टेंबर २०१२ मध्ये संपली आणि प्रज्वलन झाले नाही.

येथील पद्धत अप्रत्यक्ष आहे. करंगळीच्या पेराएवढी, सोन्याचे अस्तर असलेली एक नळकांडीवजा डबी असते. शलाका तिच्या दोन्ही तोंडांतून आत शिरून भिंतींवर पडतात. तापलेल्या भिंतींतून क्ष-किरण निघतात आणि ते मध्यावर टांगलेल्या इंधनाच्या गोळीला दाबतात. भिंतीवरचे सोने उकळून शलाकांच्या वाटेत येऊ नये म्हणून डबीत हेलियम वायू भरण्यात आला; दर घन सेंटिमीटरला सुमारे एक मिलिग्रॅम किंवा अधिक. सोने त्याने थोपवून धरले खरे, परंतु शलाकांना आता त्या वायूच्या प्लाझ्मातून दूरवर जावे लागले, आणि रामन प्रकीर्णनाला हवे ते मैदान मिळाले. रक्षणासाठी घातलेल्या कुंपणानेच शेत खाल्ले. एकूण प्रकाशाचा सुमारे १५ टक्के भाग परत येऊ लागला. त्यातही डबीच्या मध्यापर्यंत जाणाऱ्या आतील शलाकांची हानी सर्वांत अधिक, त्यामुळे मध्यभागी क्ष-किरण कमी पडत आणि गोळी समगोल न दबता वाकडी दबे.

ही तूट भरून काढण्यासाठी योजलेला उपाय मोठा चतुर होता. दोन शलाका प्लाझ्मात एकमेकींना छेदतात तेव्हा ब्रिलवँ प्रकीर्णनाच्याच रीतीने एकीची ऊर्जा दुसरीत जाऊ शकते. शलाकांच्या तरंगलांबीत काही अँगस्ट्रॉमचा फरक ठेवला की ही देवघेव आपल्या इच्छेप्रमाणे वळविता येते. ज्या चोराने इतकी वर्षे लुटले, त्यालाच पहाऱ्यावर बसविण्याचा हा बेत. परंतु आतील शलाकांना जितके बळ द्यावे, तितके त्यांचे रामन प्रकीर्णन वाढू लागले. संगणकाचे अंदाज आणि मापन यांचा मेळ बसेना, तो बसविण्यासाठी संगणकातील आकड्यांना हातांनी मुरड घालावी लागे. निसर्गाचा हिशेब चुकत नाही तेव्हा चूक आपल्या हिशेबात आहे, ही साधी गोष्ट मान्य होण्यास तेथे काही वर्षे गेली.

अखेर जो मार्ग निघाला तो माघारीचा होता, आणि तेच त्यातील शहाणपण. हेलियम कमी करण्यात आला. घन सेंटिमीटरला ०.३ मिलिग्रॅमपर्यंत. मग सोने आत येणारच, तर ते येण्यापूर्वी काम उरकावयाचे. गोळीचे कवच प्लास्टिकऐवजी घन कार्बनचे, म्हणजे हिऱ्याच्या जातीचे, करण्यात आले. हिरा प्लास्टिकहून तिपटीने घन असल्यामुळे लेसरचा झोत सेकंदाच्या वीस अब्जांशांऐवजी दहापेक्षा कमी अब्जांशांत आटोपता आला. परतणारा प्रकाश एक-दोन टक्क्यांच्या आसपास उतरला. ऑगस्ट २०२१ मध्ये १.३ मेगाजूलपर्यंत मजल गेली. सप्टेंबर २०२२ च्या प्रयोगात गोळी पुन्हा वाकडी दबली; तेव्हा शलाकांमधील ऊर्जेची ती देवघेव किंचित बदलण्यात आली, आणि डिसेंबरमध्ये यश आले. ज्या अस्थैर्याने प्रकाश लुटला, त्याच्याच एका लगाम घातलेल्या रूपाने शेवटचा हात दिला.

यशाचे माप

या यशाने वीज मिळाली का? नाही. लक्ष्यावर २.०५ मेगाजूल प्रकाश पाडण्यासाठी लेसरने विजेच्या जाळ्यातून सुमारे ३०० मेगाजूल घेतले. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हणदेखील येथे थिटी पडते. जुलै २०२३ मध्ये ३.८८ मेगाजूल मिळाले. त्यानंतरही आकडा चढतच गेला, परंतु तीनशेच्या मानाने तो अजून लहानच आहे. शिवाय वीजकेंद्राला असे स्फोट सेकंदाला अनेक वेळा हवेत. लिव्हरमोरचा लेसर पूर्ण शक्तीने दिवसाकाठी एखाददुसऱ्या वेळीच चालतो.

हा खर्च कोणी आणि कशासाठी केला, हेही नजरेआड करता येत नाही. लिव्हरमोर ही मुळात अण्वस्त्रांची प्रयोगशाळा आहे. अमेरिकेने १९९२ नंतर अणुचाचण्या थांबविल्या, आणि साठ्यातील अस्त्रांची शास्त्रीय पाहणी चालू ठेवण्यासाठी हे केंद्र मंजूर झाले. स्वस्त विजेचे स्वप्न जाहीर निवेदनांत पुढे असते, अंदाजपत्रकात अस्त्रे पुढे असतात. डबीच्या या पद्धतीचा बराच भाग १९९० च्या दशकापर्यंत गोपनीय होता. बाहेरच्या तज्ज्ञांनी प्रश्न विचारण्यास जागाच नव्हती, आणि ज्या संशोधनात प्रश्न विचारणारे थोडे, त्यात एका किलोजूलचे आकडे दीर्घकाळ टिकतात.

आता खासगी कंपन्याही या क्षेत्रात उतरल्या आहेत आणि त्यांची भाकितेही दोन दशकांच्या आतलीच आहेत. त्यांच्यापुढील प्रश्न मात्र जुनाच आहे. लेसर निवडला गेला तो त्याच्या एकरंगी, शिस्तबद्ध प्रकाशासाठी. त्याचे सर्व तरंग एका तालात चालतात म्हणूनच तो सूक्ष्म बिंदूवर एकवटतो. पण ताल एकच असल्यामुळे प्लाझ्मातील लहरींनाही तो पकडता येतो. यावर उपाय म्हणून, किंचित भिन्न तरंगलांबींचा मोठा समुदाय एकाच शलाकेत पाठवून लहरींचा ताल चुकवावा, या दिशेने रोचेस्टर येथे काम चालू आहे. तेथे निराळीच अडचण उभी राहिली. प्रकाश जंबुपार करणारे स्फटिक एकरंगी प्रकाशालाच मानवतात. रंगांचा रुंद पट्टा त्यांच्यातून नीट पार पडत नाही. त्यामुळे प्रकाशाचे बळ वाढविण्याची रीतच तेथे मुळापासून बदलून पाहावी लागत आहे.